बुवांचे शब्द कुणी खाल्ले?

चंद्रप्रकाश बुवा नारळ घ्यायला गेले की नारळवाल्याला आधीच बजावतात, "तू हलवून दाखवू नकोस, मी हलवतो." मग स्वतः हलवतात, कानाशी धरतात, शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हलवायला देतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. हा नारळवाल्याला सामील तर नाही ना, म्हणून. मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. घाटकोपरला भटवाडीत त्यांची खोली आणि आमची खोली ह्यांत एकच भिंत, तीही पातळ. त्यामुळे बुवांचं मला बरंचसं दिसतं, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं.

मी शकु. बुवांचे पखवाजी राजाराम, त्यांची बायको. हे आधीच सांगते, कारण पुढे मी चिडून बोलणार आहे आणि मग तुम्ही म्हणाल, ह्या बाईचं काय बिघडलंय?

बुवांची नोकरीही त्यांच्या स्वभावाला शोभेल अशीच. एका मॉलच्या दारावर ते सुपरवायझर. सकाळपासून लोकांच्या पिशव्या उघडायच्या, आत डोकवायचं, बाटली दिसली की वास घ्यायचा. पत्रिका जुळवून केलेल्या लग्नातही एवढे गुण जुळत नाहीत. त्यांची बायको रत्नप्रभा मला म्हणते, "शकु, मी बाजारातून आले ना, की ह्यांची नजर आधी पिशवीकडे जाते. माझ्याकडे मागाहून बघतात."

पण हाच माणूस पेटीपुढे बसला की वेगळा. गळा असा की वाडीतली भांडणं थांबतात. खोटं कशाला बोलू? मला बुवांचा राग आहे, गळ्याचा नाही.

बुवा डबलबारी करतात. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. दोन भजनी बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गायचं आणि गाता गाता दुसऱ्याला पुराणातला एखादा खोचक प्रश्न टाकायचा, वर एक टोमणाही हाणायचा. मग दुसऱ्याची बारी. त्याने उत्तर द्यायचं, टोमणा सव्याज परत करायचा आणि आपला प्रश्न टाकायचा. उत्तर जमलं नाही की मंडपात शिट्ट्या, हुर्यो, आणि दुसऱ्या दिवशी वाडीत तोंड दाखवायची चोरी. म्हणून आपला बुवा काय प्रश्न टाकणार आहे, हे बारीला बसेपर्यंत कुणाला कळता कामा नये.

आणि ते कळायला लागलं. निदान बुवांना तसं वाटायला लागलं.

मालाडला बारी होती, समोर देवेश बुवा. हा देवेश एकेकाळी आमच्या बुवांचाच शिष्य. कितीतरी वर्षं त्यांच्या पाठीमागे कोरसला बसला, रत्नप्रभाच्या हातचं जेवला, मग मालाडला स्वतःचं मंडळ काढलं. त्या दिवशी बुवांनी त्याला समुद्रमंथनाचा प्रश्न टाकला. एवढं घुसळलं, लोणी देवांनी वाटून घेतलं, मग ताक कोण प्यायलं? मंडप हसला. देवेशची बारी आली तसा त्याने पेटीवर हात ठेवता ठेवताच उत्तर दिलं. जे कुणालाच नको होतं ते ताक म्हणजे विष, आणि ते प्यायला शंकर. इतक्या झटपट, की आम्ही बायकासुद्धा एकमेकींकडे बघायला लागलो.

घरी येताना बुवा रस्ताभर एकच म्हणत होते, "माझो प्रश्न फुटलो! कोणीतरी फोडल्यान!" रागावले की ते मालवणीत शिरतात.

मग सुरू झाला तपास. बुवांनी कडवी लिहिलेल्या कागदांची झेरॉक्स काढली होती, म्हणून आधी झेरॉक्सवाला. त्याच्या दुकानात जाऊन त्याचा मालाडला कुणी आहे का विचारून आले. मग कोरसवाले एकेक. मग माझी पाळी.

"वहिनी, तुमचं माहेर मालाडला ना?"

"हो. पण त्यांना तुमच्या ताकात इंटरेस्ट नाही बुवा. त्यांच्याकडे म्हैस आहे."

म्हैस वगैरे काही नाही, पण माझी सटकली होती.

आमच्या समोरच्या ओळीत चेतना राहते. तिचे वडील परभणीकडून आले, मुलगी इथे शिकली, आता चेंबूरला एका ऑफिसात आहे. तिथे जुनी मराठी पुस्तकं टाइप करून वाचनयंत्रात घालतात. वाचनयंत्र म्हणजे पाटीएवढं पातळ, त्यात कपाटभर पुस्तकं मावतात. बुवांना आताशा मंडपातल्या दिव्यांत कागदावरचं नीट दिसेना, तर तिने आपलं जुनं यंत्र त्यांना देऊन टाकलं, सोबत ऑफिसने काढून टाकलेला एक लॅपटॉप. असं करणारी माणसं असतात. बुवांनी आधी विचारलं, "का देतेस?"

"पडून आहे म्हणून, बुवा."

बुवांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं, पाठीवर टिचकी मारून पाहिली. नारळच जणू.

चेतनाने समजावलं. साधी लिहिलेली फाईल हे यंत्र घेत नाही. आधी तिची बायनरी करावी लागते, म्हणजे माणसाच्या वाचायच्या अक्षरांचं यंत्राच्या वाचायच्या भाषेत रूपांतर. एक करूनही दाखवलं तिने, आणि तयार झालेली फाईल मुद्दाम साध्या पानात उघडली. पडद्यावर नुसते चौकोन, उलटी-सुलटी प्रश्नचिन्हं, कुठे एखादं तुटकं इंग्रजी अक्षर. साखर सांडल्यावर मुंग्या येतात तसं.

बुवांचे डोळे चमकले. "म्हणजे हे आता कोणाच्या बापाला वाचता येणार नाही?"

"असं नाही हो. हे कुलूप नाहीये, डबा आहे. झाकण उघडता येतं त्याला वाचता येतं."

पण बुवा तोवर हरखून गेले होते. "झकास!" म्हणाले. त्यांनी तिचं पुढचं ऐकलंच नाही. कानात हवं तेवढंच घ्यायची सवय असते काही माणसांना.

चेतना म्हणाली, "कडवी मला पाठवा, मी करून देत जाईन." छे! तिला पाठवायची म्हणजे तिला कळणार. बुवा म्हणाले, मला शिकव. आणि शिकले हो. त्याचं कौतुक केलंच पाहिजे. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडते. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती एक रेघ लुकलुकत असते. तिथे एक ओळ इंग्रजीत टाइप करायची. आधी कामाचं नाव, मग जुन्या फाईलचं, मग नव्या फाईलचं, मध्ये मोकळी जागा, आणि एंटर. बुवा एका बोटाने टाइप करायचे आणि तोंडाने चालीत म्हणायचे, "नाव, मोकळं, जुनं, मोकळं, नवं." भिंतीपलीकडून मला पाठ झालं ते.

पहिल्या दिवशी मी वाटी परत द्यायला गेले होते. मला बघून बुवांनी लॅपटॉप भिंतीकडे फिरवला. मध्ये मोकळी जागा सोडायला विसरले होते, म्हणून यंत्राने इंग्रजीत काहीतरी तक्रार केली.

"काय म्हणतंय?" बुवांनी चेतनाला विचारलं.

"त्या नावाची फाईल सापडत नाही म्हणतंय."

"सापडत नाही कशी? आता होती! कुणी नेली?" आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात वाटी. वाटीतून फाईल नेणार होते मी!

पुढे तर तऱ्हाच वाढली. कडवी कागदावर लिहायची बंद. डोक्यावर गोधडी घेऊन बुवा फोनला सांगायचे आणि फोन ती टाइप करायचा. भर उन्हाळ्यात, पंखा बंद करून, कारण पंख्याच्या आवाजात फोन 'रावण' ऐवजी 'श्रावण' लिहितो. फायलींना नावं भाज्यांची. एक पडवळ, एक दुधी, एक घोसाळं. साधी फाईल काळ्या खिडकीतून काढून बायनरी झाली की यंत्रात जायची, आणि मूळ फाईलचा पेन ड्राइव्ह बुवांच्या गळ्यात, तुळशीच्या माळेशेजारी. रत्नप्रभा म्हणाली, "मंगळसूत्र मी एवढं जपलं नाही."

अशा बंदोबस्तात मुलुंडची बारी आली. समोर पुन्हा देवेश. बुवा छाती काढून बसले होते. आमचे हे त्यांच्या उजव्या हाताला पखवाज घेऊन, नेहमीसारखे. बुवांनी प्रश्न टाकला. रावणाला दहा तोंडं, तर जेवताना पहिला घास कुठल्या तोंडात? देवेशची बारी आली. हसत हसत म्हणाला, "जे तोंड मंदोदरीकडे वळलेलं असेल त्यात. बायको वाढत असताना दुसरीकडे बघायची रावणाचीही टाप नव्हती." मंडप कोसळला. आणि मग देवेशने हात वर केला. "थांबा मंडळी. आमचे गुरुजी आता पुढचा प्रश्न कुंभकर्णाचा टाकतील. त्याचंही उत्तर आत्ताच घेऊन ठेवा." आणि त्याने दिलं की हो!

प्रश्न अजून टाकलाच नव्हता. तो बुवांच्या यंत्रात होता, बायनरीत, घोसाळ्यात.

बुवांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बायकांच्या बाजूने पाहिलं. तेव्हा मला खरंच त्यांची दया आली. ती काही फार वेळ टिकली नाही.

बारी संपल्यावर मंडळी मंडपाबाहेर चहा घेत होती. बुवा आमच्या ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "राजा, कागद नाही, झेरॉक्स नाही. फाईल बायनरी, ती कोणाला वाचता येत नाही. सरावाला आपण दोघंच बसलो. आता तूच सांग, कोण उरला?"

ह्यांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मी उरलो." आणि चालायला लागले.

दोघं एका गावचे. एका शाळेत पट्ट्या खाल्ल्या, एकाच ट्रंकेवर बसून मुंबईला आले. आमचे हे शाळेच्या बसवर ड्रायव्हर, दिवसभर पोरांचा कालवा ऐकून संध्याकाळी बुवांकडे पखवाज घेऊन बसायचं, हेच त्यांचं सुख. दारू नाही, पत्ते नाहीत. त्या माणसाला चारचौघांत चोर म्हटलं! ह्यांनी घरी येऊन पखवाजाला गवसणी घातली आणि तो पोटमाळ्यावर ठेवून दिला. मी भांडले असते तर बरं वाटलं असतं, पण हे भांडूच देईनात. "जाऊ दे गो," एवढंच. मग मी भांडी घासताना भिंतीवर आपटून घासायला लागले.

पण संशय मेला ओलीसारखा असतो. शेजाऱ्याच्या भिंतीला आली की आपल्याकडेही उतरते. एके दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा मी ह्यांचा फोन उघडला. माझ्या माहेरच्या फोनसारखीच सुरुवात असलेला मालाडचा एक नंबर, नाव नाही, आणि त्यावर कितीतरी वेळा फोन. हे बाहेर आले तसं विचारलं, कुणाचा? हे टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "लावून बघ." लावला. पलीकडून एक म्हातारा म्हणाला, "काय राजाराम, पखवाजाची पुडी तयार आहे, नेत का नाहीस? किती दिवस झाले." पखवाजाची कातडी बदलून शाई भरणारा तो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे चहा टाक म्हणाले.

इतक्यात आमच्या वाडीतल्या मंडळाचा वर्धापनदिन आला. डबलबारी ठरली, समोर देवेशच. आजकाल माइक लवकर बंद करावा लागतो म्हणून बारी संध्याकाळीच. बुवांनी भांडुपहून एक पखवाजी बोलावला. त्याला सरावाआधी देवापुढच्या नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तो बिचारा एक दिवस वाजवून गेला तो गेलाच. मग मंडळाचे लोक बुवांच्या दारात येऊन उभे. पखवाजी नसेल तर आम्ही दुसरा बुवा बघतो, म्हणाले. आपल्याच वाडीत, आपल्याच वर्धापनदिनाला, आपण नाही! बुवांना रात्रभर खोकला होता. खोकला कसला, मला कळत होतं काय ते.

मी ह्यांना विचारलं, "बोलावलं तर जाल?"

"मी चोर असेन तर मला बोलावू नये. आणि नसेन तर त्याने स्वतः यावं."

एवढं लांब वाक्य हे सहसा बोलत नाहीत, म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

बुवा आले नाहीत. त्यांनी भलतंच काढलं. आजवर केलेल्या सगळ्या बाऱ्या एकाच फायलीत घालायच्या, यंत्रात ठेवायच्या आणि बारीला बसल्यावर ऐनवेळी त्यातला कुठलाही प्रश्न उचलायचा. म्हणजे आधी कुणाला कळायचाच नाही. गोधडीखाली बसून त्यांनी जुन्या वह्यांमधल्या बाऱ्या फोनला वाचून दाखवल्या. पहिल्या बारीपासून मुलुंडपर्यंत. घामाने गोधडी वाळत घालावी लागायची.

आणि एका रविवारी सकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली. "खाल्ल्यान! माझे शब्द खाल्ल्यान ह्या यंत्रान!"

मला वाटलं कुणी गेलं. पिठाचे हात घेऊन तशीच धावले. काळ्या खिडकीत दोन आकडे आले होते. फाईल आधी केवढी होती आणि आता केवढी झाली, ते यंत्र दर वेळी सांगतं. बुवांना ते आकडे वाचायला चेतनाने शिकवलेलं. आधीचा आकडा चांगला लांबलचक, आणि नंतरचा अगदीच चिमुकला.

"वाट लागली!" बुवा ओरडत होते. "जन्माची कमाई घातली आत. एवढीशी बाहेर आली. बाकीची खय गेली? कुणाला पाठवल्यान?"

रत्नप्रभा चेतनाला बोलावून घेऊन आली. चेतनाने शांतपणे ती फाईल परत उलटी, साध्या अक्षरांत आणली. "बघा बुवा. सगळं आहे." बुवांचा विश्वास बसेना. पडद्याच्या एका अर्ध्यातली मूळ फाईल रत्नप्रभाने वाचायची आणि परत आलेली बुवांनी ताडून बघायची, असं सुरू झालं. अर्धी सकाळ गेली. मी पोळ्या टाकून आले तरी चाललंच होतं. एक शब्द कमी निघाला नाही.

"मग लहान का झाली?"

"बायनरी करताना यंत्र जागा वाचवतं. एखादी ओळ एकदा आली की ती लिहून ठेवतं, आणि तीच परत आली की परत लिहीत नाही. आपण कसं, खाली खाली 'वरीलप्रमाणे' लिहितो ना? तसं."

बुवांनी तिच्याकडे मॉलच्या दारावरच्या नजरेने पाहिलं. "हे सगळ्यांचंच करतं?"

"थोडंफार सगळ्यांचंच."

"मग दुसऱ्या कोणाचं करून दाखव. माझ्यासमोर."

लॅपटॉपमध्ये रत्नप्रभाच्या पाककृती होत्या. मुलगी अक्षता लग्न होऊन गेली तिच्यासाठी आईने सांगून लिहवून घेतलेल्या. कुळथाच्या पिठीपासून शेवयांच्या खिरीपर्यंत, बुवांच्या बाऱ्यांएवढंच लांब प्रकरण. बुवांनी स्वतः टाइप केलं, नाव, मोकळं, जुनं, मोकळं, नवं. एंटर. पाककृती निम्म्यावर आल्या. फक्त निम्म्यावर.

"हे निम्मं. आणि माझं?"

चेतना फरशीकडे बघायला लागली.

"अगं बोल की!"

"बुवा, तुमच्यात... वरीलप्रमाणे जास्त आहे."

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या नवऱ्याचा पखवाज पोटमाळ्यावर धूळ खात होता, आणि मी काही संत नाही. म्हटलं, "म्हणजे बुवा, तुमचं कुणी काही चोरलं नाही. तुम्ही दरवर्षी तेच म्हणता. यंत्रालासुद्धा कंटाळा आला लिहायचा!"

बुवांनी रत्नप्रभाकडे पाहिलं, ती मला गप्प करील म्हणून. ती म्हणाली, "रावण झाला की कुंभकर्ण. कुंभकर्ण झाला की ताक. चाल तेवढी नवीन सिनेमाची असते. देवेश एवढी वर्षं तुमच्या पाठी बसून हेच म्हणत होता हो. त्याला कशाला कुणी फोडून सांगायला हवं?"

"यंत्रात काहीतरी बिघाड असेल," बुवा म्हणाले. मग त्यांनी फाईल उघडली आणि स्वतःच खाली खाली वाचत गेले. एक बारी, दुसरी, तिसरी. मघाशी शब्द मोजत होते, आता ऐकत होते. ओठ हलत होते आणि मध्येच थांबत होते. ह्या क्षणाची मी किती दिवस वाट बघितली होती, काय सांगू. आणि आला तेव्हा मला काही मजा आली नाही. गळ्यातला पेन ड्राइव्ह मुठीत धरून तो माणूस उंबऱ्यावर जाऊन बसला होता, म्हाताऱ्यासारखा.

मग उठले आणि आमच्या दारात आले. आमचे हे आत पाटावर बसले होते. भिंत पातळ, सगळं ऐकलेलं.

"राजा, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"आता काय सांगू? खूप वर्षं झाली. तू सूर धरलास की मला कळतं पुढे काय येणार. माझा हात तुझ्या आधी तिथे जाऊन बसलेला असतो."

"मग सांगितलं का नाहीस? मी तुला चोर म्हटलं. चारचौघांत म्हटलं."

हे म्हणाले, "तू चोर म्हणालास ते खोटं होतं. म्हणून मला सोसलं. हे खरं आहे रे. तुला सोसलं नसतं."

मी ओट्याकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बुवांना दाखवायची माझी इच्छा नव्हती. एवढे दिवस मी समजत होते, माझा नवरा भित्रा आहे.

बुवा माफी मागतील असं वाटलं. नाही मागितली. पोटमाळ्याकडे हात वर केला. पुरेना, तर टाचा उंच केल्या. ह्यांनीच उठून पखवाज खाली काढला आणि त्यांच्या हातात दिला. बुवांनी शर्टाच्या बाहीने गवसणीवरची धूळ पुसली, दारापर्यंत गेले आणि वळले. "राजा, तरीपण एकदा विचारतो. देवेशला खरंच काही बोलला नाहीस ना?"

मी लाटणं उचललं. बुवा गेले.

वर्धापनदिनाला वाडीतला प्रत्येक माणूस मैदानात. देवेश आधी बसला आणि चांगला गायला, खोटं नाही बोलणार. मग आमच्या बुवांची बारी. समोर यंत्र नव्हतं, कागद नव्हता. घरी विसरले की ठेवून आले, ते रत्नप्रभालाही माहीत नव्हतं. ती माझा हात घट्ट धरून बसली होती. बुवांनी सूर धरला आणि डोळे मिटून म्हटलं,

"दाराला कुलूप, खिडकीला कडी,
चोर शोधत फिरलो मी वाडीवाडी,
दिवा लावून पाहिलं घरात,
चोर बसला होता माझ्याच उरात.

सांग बुवा, ह्या चोराला धरायचं कसं?"

रावण नाही, कुंभकर्ण नाही. देवेशने मान वर केली. तो हसत नव्हता. आणि त्याच वेळी पखवाज चुकला. आमच्या ह्यांचा हात सवयीने पुढे गेला आणि शब्द तिथे नव्हताच. थाप भलत्याच ठिकाणी पडली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. मागचा कोरस गोंधळून थांबला.

बुवांनी डोळे उघडले. तीच मॉलच्या दारावरची नजर. समोर माइक आहे हेसुद्धा विसरून म्हणाले, "राजा, चुकलास की मुद्दाम?"

लोक हसले. आमचे हे नाही हसले. म्हणाले, "तू पुढे काय म्हणणार, तेच कळलं नाही रे."

बुवांनी पेटीवरचा हात काढून तोंडावर घेतला. भर मैदानात, देवेशसमोर, सगळ्या वाडीसमोर तो माणूस रडला. कुणी शिट्टी मारली नाही. मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"मलाही कळलेलं नाही," म्हणाले. "धर परत."

आणि ह्यांनी ठेका धरला.